जिगसॉ (विद्युत करवत)

जिगसॉ ही हातात धरून चालवायची विद्युत करवत आहे. तिचे अरुंद, उभे पाते वेगाने वर-खाली होत लाकूड, प्लायवूड, प्लॅस्टिक किंवा पातळ धातू कापते. सरळ काप घेणारी अन्य यंत्रे पुष्कळ आहेत. परंतु वक्र रेषेवरून काप घेणे आणि फळीच्या मध्यभागी खिडकीसारखा भाग कापून काढणे ही दोन कामे जिगसॉइतक्या सहजतेने करणारे दुसरे सुटसुटीत यंत्र नाही. त्यामुळे घरगुती सुतारकामाच्या खोलीत ड्रिल यंत्राच्या पाठोपाठ बहुधा हिचीच खरेदी होते. देवघराची कमान, गणेशोत्सवातील मखर, नावाच्या पाटीवरील अक्षरे, विजेच्या स्विचबोर्डासाठी पाडावयाचे चौकोनी भोक अशा कामांत तिचा उपयोग होतो. महाराष्ट्रातील सुतार तिला 'जिगसॉ मशीन' असे म्हणतात.

नावाची व्युत्पत्ती

इंग्रजीतील 'जिग' या शब्दात झपाट्याने वर-खाली किंवा मागे-पुढे हालण्याचा अर्थ आहे आणि 'सॉ' म्हणजे करवत. एकोणिसाव्या शतकात हे नाव पायाने चालवावयाच्या, टेबलावर बसविलेल्या बारीक पात्याच्या करवतीला होते. तशा करवतीने लाकडी पट्टीवरील चित्रांचे तुकडे पाडून जी कोडी तयार होत, त्यांनाही पुढे 'जिगसॉ पझल' असे म्हणू लागले. मात्र ही कोडी यंत्रापेक्षा जुनी आहेत. लंडनमधील नकाशाकार जॉन स्पिल्सबरी याने १७६० च्या दशकात लाकडावर चिकटविलेले नकाशे कापून मुलांना भूगोल शिकविण्याचे साधन तयार केले होते. आज टेबलावरील बारीक करवतीस 'स्क्रोल सॉ' म्हणतात आणि 'जिगसॉ' हे नाव हातातील यंत्रासाठी रूढ झाले आहे.

इतिहास

हातात धरावयाच्या जिगसॉचा उगम स्वित्झर्लंडमधील सोलोथुर्न येथील सिंटिला या कंपनीत झाला. तेथील अभियंता आल्बर्ट काउफमान याने १९४६ मध्ये पत्नीच्या शिवणयंत्रातील सुई काढून तिच्या जागी करवतीचे पाते बसवून पाहिले आणि त्यातून या यंत्राची कल्पना निघाली, असे सांगितले जाते. १९४७ मध्ये सिंटिलाने 'लेस्टो' या नावाने हे यंत्र बाजारात आणले. पुढे ही कंपनी जर्मनीच्या बॉश उद्योगसमूहात समाविष्ट झाली. पाते पकडण्याची आज सर्वत्र रूढ असलेली 'टी शँक' पद्धतही याच परंपरेतून आली. शिवणयंत्राशी असलेले नाते यंत्राच्या रचनेत आजही स्पष्ट दिसते : सुईप्रमाणेच पाते केवळ वरच्या टोकाशी धरलेले असते आणि खालचे टोक मोकळे असते. जिगसॉचे बहुतेक गुण आणि जवळजवळ सर्व दोष या एका गोष्टीतून उद्भवतात.

रचना व कार्य

विद्युत चलित्राची वर्तुळाकार गती दंतचक्राच्या साहाय्याने उभ्या दांड्याच्या वर-खाली गतीत बदलली जाते. या दांड्याच्या खालच्या टोकाला पाते-पकड असते. यंत्राचे प्रमुख भाग पुढीलप्रमाणे आहेत.

धाव : पाते वरून खाली जितके अंतर जाते त्यास धाव म्हणतात. लहान यंत्रांत ती साधारण १८ मिलिमीटर, तर मोठ्या यंत्रांत २६ मिलिमीटरपर्यंत असते. धाव मोठी असली की काप जलद होतो, भुसा कापातून बाहेर पडतो आणि पात्याचे अधिक दात कामी येऊन ते दीर्घकाळ टिकते.

वेगनियंत्रण : बहुतेक यंत्रांत वेग मिनिटाला सुमारे ५०० पासून ३,००० च्या आसपास धावांपर्यंत बदलता येतो. लाकडासाठी अधिक, तर धातू व प्लॅस्टिकसाठी कमी वेग लागतो. वेग जास्त ठेवल्यास प्लॅस्टिक वितळून कापलेली फट पुन्हा चिकटते.

दोलनक्रिया : या सोयीत वर येताना पाते किंचित पुढे झेपावते आणि खाली जाताना मागे सरते. यामुळे काप वेगाने होतो, पण कडा खडबडीत होते. बहुधा ० ते ३ असे चार टप्पे दिलेले असतात. धातू, बारीक वळणे आणि स्वच्छ कडेसाठी ०, प्लायवूड व कठीण लाकडासाठी १, तर मऊ लाकूड झटपट कापण्यासाठी ३ हा टप्पा वापरतात.

आधार रोलर : पात्याच्या पाठीला टेकणारे खाचेचे चाक. पाते मागे वाकू नये व बाजूला सरकू नये हे त्याचे काम होय.

तळपट्टी : यंत्राला लाकडावर आधार देणारी धातूची पट्टी. ती दोन्ही बाजूंना ४५ अंशांपर्यंत तिरपी करता येते. पत्रा ठोकून केलेल्या पट्टीपेक्षा ओतीव धातूची पट्टी आपला काटकोन अधिक काळ टिकवते.

मूठ : एका प्रकारात यंत्राच्या वर कमानीसारखी मूठ व तिच्यात कळ असते. दुसऱ्या प्रकारात मूठ नसते; यंत्राचे नळीसारखे शरीरच हातात धरतात. दुसऱ्या प्रकारात हात लाकडाच्या जवळ राहत असल्याने वळणावर ताबा चांगला राहतो. कमानी मूठ असलेले यंत्र एका हाताने धरण्यास सोपे पडते आणि कळ सोडताच थांबते.

पाती

जिगसॉच्या कामाची प्रत यंत्रापेक्षा पात्यावर अधिक अवलंबून असते. पात्याच्या वरच्या टोकाचे दोन मुख्य प्रकार आहेत. टी शँक प्रकारात टोकाशी दोन्ही बाजूंना छोटे कान असतात आणि पाते हत्याराशिवाय बसवता येते. यू शँक प्रकारात टोकाशी अर्धवर्तुळाकार खाच असते आणि ते स्क्रूने आवळावे लागते. आज बहुतेक नवी यंत्रे टी शँकचीच असतात. जुने यंत्र यू शँकचे असेल, तर शिल्लक राहिलेली पाती नव्या यंत्रात चालत नाहीत, हे खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे लागते.

पाते ज्या पोलादाचे असते त्यावर त्याचे काम ठरते. उच्च कार्बन पोलादाची पाती लवचीक व स्वस्त असून लाकडासाठी वापरतात. हाय स्पीड पोलादाची पाती धातूसाठी असतात. द्विधातू पात्यात दातांचा भाग कठीण व पाठीचा भाग लवचीक असतो; ती महाग असली तरी सहजी मोडत नाहीत. सिमेंटचे पत्रे व टाइल यांसाठी कार्बाइडची पाती मिळतात.

पात्यावरील संकेतांक अनेक उत्पादक सारखेच वापरतात. सामान्यतः लागणारी पाती अशी :

- टी १०१ बी : प्लायवूड व लाकूड यांचा स्वच्छ सरळ काप. दातांमधील अंतर २.५ मिलिमीटर.
- टी १४४ डी : लाकडाचा जलद पण खडबडीत काप. दातांमधील अंतर ४ मिलिमीटर.
- टी १०१ एओ : पातळ लाकडातील बारीक वळणे. पाते अरुंद असते.
- टी १०१ बीआर : उलट्या दातांचे पाते. लॅमिनेट लावलेल्या फळीसाठी.
- टी १०१ बीएफ : द्विधातू पाते. कठीण लाकूड व लॅमिनेट यांसाठी.
- टी ११८ ए : पातळ लोखंडी पत्रा.

संकेतांकाच्या शेवटच्या भागातील ए, बी, सी, डी ही अक्षरे दात बारकाईकडून जाडपणाकडे जात असल्याचे दर्शवतात. त्यांच्या पुढील 'ओ' हे वळणासाठी अरुंद केलेल्या, 'आर' हे उलट्या दातांच्या आणि 'एफ' हे द्विधातू पात्याचे चिन्ह आहे.

पात्याची लांबी निवडताना लाकडाची जाडी आणि यंत्राची धाव यांची बेरीज विचारात घ्यावी लागते. पाते सर्वांत वर असतानाही त्याचे टोक लाकडाच्या खाली बाहेर राहिले पाहिजे. तसे नसल्यास खाली येताना टोक लाकडावर आदळते, यंत्र उसळते आणि पाते मोडते.

कापातील नेहमीचे दोष

साध्या पात्याचे दात वरच्या दिशेने असतात, म्हणून जिगसॉ वर येताना कापते. परिणामी लाकडाच्या वरच्या पृष्ठावर ढलप्या निघतात व खालची बाजू स्वच्छ राहते. यावरील सर्वांत सोपा उपाय म्हणजे दर्शनी बाजू खाली ठेवून मागील बाजूवर आखणी करणे. ते शक्य नसेल तेव्हा उलट्या दातांचे पाते वापरतात, रेषेवर चिकटपट्टी लावतात किंवा धारदार सुरीने रेषा आधी कोरून घेतात. उलट्या दातांचे पाते यंत्राला वर ढकलते, म्हणून यंत्र खाली दाबून धरावे लागते.

दुसरा दोष म्हणजे काप तिरपा जाणे. वरून रेषा अचूक दिसते, पण फळी उलटून पाहिली तर खालची कड दोन-तीन मिलिमीटर सरकलेली आढळते. पाते एकाच टोकाशी धरलेले असल्याने जाड लाकडात त्याचे मोकळे टोक वाकते. यंत्र जोराने पुढे रेटणे, वळणावर बाजूने दाब देणे, बोथट पाते वापरणे आणि रोलर झिजलेला असणे ही त्याची कारणे होत. पुष्कळदा या दोषावरून यंत्र बाद ठरवले जाते आणि नव्या यंत्रातही तोच दोष दिसून खरेदीदाराची निराशा होते. जाड सागवानात काटकोनी काप हवा असल्यास पट्टा करवत हेच योग्य साधन होय.

दुरुस्ती की बदल

जुनी जिगसॉ बदलण्यापूर्वी तिच्यातील बिघाड कोणत्या वर्गात मोडतो हे तपासणे हिताचे असते. तपासणी आरंभण्यापूर्वी प्लग काढून ठेवावा.

अल्प खर्चात दूर होणारे बिघाड : पाते बोथट होणे, वायर मुठीजवळ तुटणे, कळ बिघडणे, कार्बन ब्रश झिजणे. ब्रश झिजल्यास यंत्र मध्येच थांबते किंवा हलवल्यावर पुन्हा चालते. दोन्ही ब्रश एकाच वेळी बदलावे लागतात. तळपट्टीचा काटकोन गेला असल्यास गुण्या लावून तो पुन्हा साधता येतो.

मध्यम स्वरूपाचे बिघाड : रोलर किंवा बेअरिंग झिजणे, पाते-पकड सैल होणे. सुटे भाग मिळत असल्यास दुरुस्ती करण्याजोगी असते.

बदलाकडे नेणारे बिघाड : आर्मेचर जळणे, दंतचक्राचे दात तुटणे, पाते धरणाऱ्या दांड्याला बाजूचा खुळखुळा येणे. ब्रशाजवळ ठिणग्यांचे पूर्ण वर्तुळ दिसणे आणि जळकट वास येणे ही आर्मेचर खराब झाल्याची खूण आहे. दांड्याचा खुळखुळा तपासण्यासाठी पाते बसवून त्याचे टोक हलक्या हाताने डावी-उजवीकडे हलवून पाहतात. रोलर बदलूनही तो राहिला, तर यंत्र सरळ कापणार नाही.

दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होत असेल तर नवे घ्यावे, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. मात्र ओतीव तळपट्टीचे जुने, भक्कम यंत्र दुरुस्त करणे हे पत्र्याच्या तळपट्टीचे नवे, स्वस्त यंत्र घेण्यापेक्षा अनेकदा श्रेयस्कर ठरते.

नव्या यंत्राची निवड

कामाचे स्वरूप : जुन्या यंत्राने गेल्या काही वर्षांत नेमके काय कापले, हा निवडीचा पहिला निकष होय. ६ ते १९ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड आणि अधूनमधून पातळ फळी एवढेच काम असेल, तर ४५० ते ६०० वॅटचे यंत्र पुरेसे असते. ४० मिलिमीटरच्या आसपास जाडीची कठीण लाकडे नियमित कापायची असतील, तर ६५० वॅट किंवा त्याहून अधिक शक्ती, २६ मिलिमीटरच्या जवळपास धाव आणि दोलनक्रिया हवी. वॅटचा आकडा यंत्र किती वीज घेते ते सांगतो. पात्यापर्यंत किती शक्ती पोहोचते ते सांगत नाही. म्हणून केवळ त्या आकड्यावरून तुलना करणे दिशाभूल करणारे ठरते.

वेग स्थिर राखणारी यंत्रणा : काही यंत्रांत लाकडाचा भार वाढला तरी वेग कायम राखणारे इलेक्ट्रॉनिक मंडल असते. जाड लाकडात व धातूत त्याचा लाभ होतो.

विजेवर की बॅटरीवर : बॅटरीवरील यंत्राला वायरची अडचण नसते, परंतु बॅटरी व चार्जर यांची किंमत यंत्राइतकीच होऊ शकते. घरात त्याच उत्पादकाचे बॅटरीवरील ड्रिल असेल, तर केवळ यंत्र घेऊन खर्च वाचतो. '१८ व्होल्ट' आणि '२० व्होल्ट मॅक्स' या लिहिण्यात प्रत्यक्ष फरक नाही. दोन्हींत लिथियम आयनचे पाच घट एकापुढे एक जोडलेले असतात. पहिला आकडा सरासरी दाबाचा, तर दुसरा पूर्ण भारित अवस्थेतील दाबाचा असतो. मात्र म्हणून एका उत्पादकाची बॅटरी दुसऱ्याच्या यंत्रात बसते असे नाही. क्वचित वापर असणाऱ्या घरगुती कार्यशाळेत वायरचे यंत्र अधिक वर्षे साथ देते, कारण न वापरताही बॅटरीचे वय होत राहते.

परदेशातून आणलेली यंत्रे : अमेरिकेत राहणारे नातेवाईक भेट म्हणून यंत्र आणतात, अशी उदाहरणे मराठी घरांत नवी नाहीत. अमेरिकेतील यंत्रे १२० व्होल्टवर व जपानमधील १०० व्होल्टवर चालतात. भारतातील पुरवठा २३० व्होल्टचा आहे. असे यंत्र केवळ प्लग बदलून लावल्यास ते क्षणार्धात जळते. पुरेशा क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर वापरल्यास ते चालवता येते. मात्र ट्रान्सफॉर्मरची किंमत व वजन पाहता येथील यंत्र घेणे बहुधा सोयीचे पडते. सुट्या भागांची अडचणही त्यामुळे टळते.

दुकानातील तपासणी : यंत्र हातात धरून वजन व मुठीचा घेर पाहणे, पाते बसवून ते तळपट्टीशी काटकोनात आहे का हे गुण्याने तपासणे, पात्याचा खुळखुळा पाहणे आणि अत्यंत कमी वेगावर यंत्र एकसारखे चालते का हे ऐकणे, या चार चाचण्या काही मिनिटांत होतात. तळपट्टी व वेग बदलण्याच्या खटक्या चष्म्याविना वाचता येतात का, हेही उतारवयातील कारागिरांनी पाहण्याजोगे आहे. पक्के बिल, हमीपत्र आणि जवळच्या गावात किंवा शहरात सेवाकेंद्र असणे या बाबी किमतीतील थोड्याफार फरकापेक्षा महत्त्वाच्या ठरतात.

कंप : उत्पादकाच्या माहितीपत्रकात कंपाचे मूल्य दिलेले असते. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार हाताला होणाऱ्या कंपासाठी आठ तासांच्या दिवसाचे कृती-मूल्य २.५ आणि कमाल मर्यादा ५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकी आहे. कंप दुप्पट झाला की सुरक्षित कालावधी एक चतुर्थांश होतो. म्हणजे ५ मूल्याच्या यंत्राने कृती-मूल्य दोन तासांत, तर १० मूल्याच्या यंत्राने अर्ध्या तासात गाठले जाते. सांधेदुखी असणाऱ्यांनी किंवा बोटांना मुंग्या येणाऱ्यांनी हा आकडा आवर्जून पाहावा.

सुरक्षितता

जिगसॉ ही गोलाकार पात्याच्या करवतीपेक्षा कमी धोक्याची मानली जाते. याच समजुतीतून निष्काळजीपणा होतो. पात्याचा कापणारा भाग लाकडाच्या खाली, नजरेआड असतो. म्हणून फळीखाली हात धरून आधार देणे हा सर्वांत मोठा धोका आहे. फळी क्लॅम्पने टेबलाला आवळून ठेवणे व खाली वायर किंवा टेबलाची कड नाही याची खात्री करणे आवश्यक असते. पाते पूर्ण थांबल्याखेरीज यंत्र उचलू नये. काप घेतल्यावर पाते तापलेले असते. ते लगेच उघड्या हाताने काढू नये. पाते बदलताना प्लग किंवा बॅटरी काढलीच पाहिजे.

चौकोनात चौकोन हे चिन्ह असलेली यंत्रे दुहेरी विद्युतरोधनाची असतात व त्यांना भूसंपर्क तारेची गरज नसते. तथापि घराच्या विद्युतमंडलात ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक स्विच असणे इष्ट होय.

लाकडाची धूळ ही केवळ त्रासदायक नसून घातकही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तिचा समावेश मानवात कर्करोग घडविणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला आहे. एमडीएफच्या धुळीत फॉर्माल्डिहाइडयुक्त राळेचे कणही असतात. म्हणून यंत्राला व्हॅक्यूमची नळी जोडण्याची सोय असणे, मुखपट्टी लावणे आणि खोली हवेशीर ठेवणे गरजेचे आहे. डोळ्यांना चष्मा व कानांना संरक्षक लावावेत. नंबरचा चष्मा हा संरक्षक चष्म्याला पर्याय नव्हे.

देखभाल

कामानंतर हवेच्या फटींतील भुसा ब्रशने झाडावा. रोलरवर तेलाचा एखादा थेंब द्यावा व तो मोकळा फिरतो हे पाहावे. पात्यावर साचलेली राळ रॉकेलच्या फडक्याने पुसून टाकल्यास पाते अधिक दिवस चालते. पुसण्यापूर्वी ते यंत्रातून काढून घ्यावे. सागवानात सिलिकेचे कण असल्याने आणि प्लायवूडमधील सरस कठीण असल्याने त्यांवर पाती लवकर बोथट होतात. जिगसॉच्या पात्यांना घरी धार लावणे व्यवहार्य नसते, म्हणून ती उपभोग्य वस्तू समजून काही पाती नेहमी शिल्लक ठेवावीत. कोकणासारख्या दमट प्रदेशात पावसाळ्यात यंत्र बंद पेटीत ठेवल्यास दांड्यावर व तळपट्टीवर गंज चढत नाही.

हे सुद्धा पहा

- करवत
- पट्टा करवत
- सुतारकाम
- प्लायवूड